आधी घास, मग प्रार्थना

ओल्या तुरीच्या शेंगा बाजारात दिसू लागल्या की माझा हिवाळा सुरू होतो, कॅलेंडर काहीही म्हणो. अमरावतीत इतवारा बाजाराच्या कडेला एक मावशी पोत्यावर शेंगांचा ढीग घालून बसते. शेजारी टोपलीत सोललेले हिरवेगार दाणे. आम्ही वऱ्हाडी लोक त्यांना सोले म्हणतो. मी सोले घेत नाही, शेंगाच घेते. परवा मावशीनं विचारलंच, "काहून वो बाई, सोलाले येळ भेटते का तुमाले?" म्हटलं, वेळ नाही मिळत, पण वास हवा. ती हसली आणि तिनं एक ओंजळ वर टाकली.

घरी आले, चहा ठेवला आणि खिडकीत बसून शेंगा सोलायला घेतल्या. पहिली शेंग फुटली की एक ओला, हिरवा, किंचित दुधाळ वास येतो. तो नखांत शिरतो आणि दोन दिवस जात नाही. मीही दोन दिवस उगाच बोटं नाकाशी नेत असते. कॉलेजच्या ग्रंथालयात काउंटरवर बसून असं करणं बरं दिसत नाही, माझ्या सहकारी मैत्रिणीनं एकदा काळजीनं विचारलंही होतं. तिला काय सांगणार? की बाई गं, ही माझी उपासना चालली आहे?

पण खरं तर तेच आहे. मी अकोल्याच्या एका ख्रिस्ती घरात वाढले. रविवारी देवळात जायचं (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो), पेटी-तबल्यावर भजनं म्हणायची, मग पाळकसाहेबांचा उपदेश ऐकायचा. भजनापर्यंत माझं बरं चालायचं. उपदेश सुरू झाला की मी हरवायचे. मागच्या अंगणात रोडगे भाजायला गोवऱ्या पेटवल्या असतील तर खिडकीतून तो धूर यायचा, त्यात कणकेचा खरपूस वास मिसळलेला. पुढे पाळकसाहेब देहाच्या वासनांबद्दल सांगत असायचे आणि इकडे माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. दहा वर्षांची असताना मी घाबरत घाबरत बाबांना विचारलं होतं, उपदेश चालू असताना मला रोडग्यांचा वास येत होता, पाप लागेल का? बाबा म्हणाले, "मले बी येत होता. नाक देवानंच देल्लं न बाई?" माझं धर्मशिक्षण तिथंच पुरं झालं असं मला कधी कधी वाटतं.

बाबा कापसाच्या जिनिंग कारखान्यात ग्रेडर होते, कापसाची प्रत ठरवायचे. गाड्या यायच्या, कापूस उतरायचा आणि बाबा ढिगात कोपरापर्यंत हात घालायचे. चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून ओढायचे, धागा किती लांब निघतो ते बघायचे. सरकी दाताखाली फोडून आत ओल किती ते सांगायचे. मग शेरा. हात लावल्याबिगर शेरा नाही, हा त्यांचा नेम होता, आणि तोच नेम त्यांनी जेवणाच्या ताटालाही लावला होता.

सगळ्या ख्रिस्ती घरांत जेवणाआधी प्रार्थना होते. डोळे मिटायचे, दोन वाक्यं, आमेन, मग घास. आमच्याकडे उलटं. बाबा आधी एक घास खायचे. सावकाश चावायचे. आम्ही हात जोडून, भुकेनं कळवळत, त्यांच्या जबड्याकडे पाहत बसायचो. मग ते डोळे मिटायचे आणि जे चाखलं त्याचेच आभार मानायचे. "हे प्रभू, सोले कवळे हायेत. लसून जरासा जास्त पडला, पन बरा लागते. भाकरीले पापुद्रा चांगला सुटला. जवसाच्या चटनीत तिखट सांभाळलं हाय. करनारीचे हात जप. आमेन." पाहुणे आले की गोंधळ व्हायचा. त्यांचे डोळे मिटलेले आणि बाबांचं तोंड चालू. एका पाळकसाहेबांनी हळूच सुचवलं होतं की आधी प्रार्थना करावी, तशी रीत आहे. बाबा म्हणाले, "चाखल्याबिगर आभार कायचे मानू साहेब? देवाले कोरा कागद देऊ काय सही करून?" पाळकसाहेब मनमोकळे होते. पुढे तेही आमच्याकडे आले की आधी घास घ्यायचे.

आई तेव्हा चुलीपाशी असायची. पाठमोरी, भाकरी थापत. प्रार्थना सुरू झाली की तिचे हात परातीत थांबायचे. मला वाटायचं ती प्रार्थनेसाठी थांबते.

चार वर्षांपूर्वी दिवाळीनंतर बाबांना ताप आला. आठ दिवसांत उतरला, पण जाताना चव आणि वास दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, सांगता येत नाही. मी शनिवारी दुपारच्या एसटीनं अकोल्याला पोचले तेव्हा दोघं ओसरीत बसले होते. आई सोले सोलत होती. बाबांनी एक दाणा उचलला, चावला आणि म्हणाले, "लाकूड हाय, बाई."

जेवायला बसलो. बाबांनी घास घेतला, सावकाश चावला. मी डोळे मिटले. बराच वेळ काही ऐकू आलं नाही म्हणून उघडले, तर बाबा दुसरा घास घेत होते. प्रार्थना झालीच नव्हती. मी आईकडे पाहिलं. ती भाकर उलटत होती, तव्यावर ती करपून गेली तरी उलटतच होती.

नंतर कळलं की दहा दिवसांपासून हेच चाललं होतं. मी बाबांशी बोलून पाहिलं. म्हटलं, देवाला कळतं ना तुमची अडचण, नुसतं धन्यवाद म्हणा. ते म्हणाले, "पयले कधी नुसतं म्हनलं काय? समजून राह्यलं नाई मले काही. खोटा शेरा कसा देऊ?" चिडून नाही, अगदी साधेपणानं म्हणाले. त्यांच्या त्या साधेपणाचा मला रागच आला. इतका ताठपणा कशाला, असं वाटलं. नातेवाइकांत सगळे मला बापावर गेलेली म्हणतात, तेव्हा राग येणं साहजिकच होतं.

त्या हिवाळ्यात मी दर शनिवारी अकोल्याला गेले. येताना पिशवीत काहीतरी उग्र आणायचे. कापूर, लवंगा, हिंगाची डबी. बाबांना डोळे मिटायला लावून नाकाखाली धरायचे. ते शाळकरी पोरासारखे इमानदारीनं हुंगायचे आणि मान हलवायचे. एकदा हिंगाला ते म्हणाले, "काहीतरी हाय," आणि मी आनंदानं ओरडले, तर तो डबीच्या पत्र्याचा गारवा होता, ओठाला लागलेला.

मग त्यांनीच एक नवं काम मला लावलं. मी पोचले की विचारायचे, "सांग, रस्त्यानं काय वास आले?" पहिल्या वेळी मला काहीच सांगता आलं नाही. शंभर किलोमीटर मी मोबाइलमध्ये डोकं घालून आले होते. पुढच्या शनिवारी मी खिडकीची जागा धरली. बडनेऱ्याला शेजारच्या बाईनं संत्रं सोललं, तर सालीचा फवारा माझ्या गालावर उडाला. त्या वासानं सगळी एसटी क्षणभर स्वच्छ झाली. मूर्तिजापूरच्या अलीकडे कापसाच्या गाड्या, उन्हात तापलेल्या कापसाचा सुका, धुळकट, तरी मायाळू वास. एका वळणावर कुणीतरी शेताच्या बांधावर गवत पेटवलं होतं. बोरगावला कढईत भजी टाकत होते आणि ओवा तळल्याचा वास रस्त्यापर्यंत आला होता. मी ते सगळं बाबांसाठी मनात घोळवत होते. संत्र्याची साल. कापूस. ओवा. विसरू नये म्हणून पुन्हा पुन्हा म्हणत होते. अकोल्याचा स्टँड आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझे हात मांडीवर जोडलेले आहेत.

देवळात इतकी वर्षं मिटलेल्या डोळ्यांनी जे जमलं नाही, ते एसटीच्या खिडकीत उघड्या नाकानं जमलं होतं. मला त्याची लाज वाटली नाही. उलट फार हलकं वाटलं. कुणीतरी इतक्या निरनिराळ्या तऱ्हांनी हे जग वासांनी भरून ठेवलं आहे, आणि मी चाळिशी उलटून गेल्यावर आता कुठे त्याला ओ देत होते.

बाबा डोळे मिटून ऐकायचे. मधेच विचारायचे, "कापूस ओला होता का सुका?" मी म्हणायचे, सुका. "अस्सं." आणि त्यांचा चेहरा निवायचा. पण ताटावर बसले की पुन्हा तेच. घास, चावणं, गप्प. आई वाढायची आणि परत चुलीकडे वळायची. ती दिवसेंदिवस कमी बोलू लागली होती. बाबांना आवडायचं ते सगळं ती करत होती, कांद्याची पात घातलेलं वांग्याचं भरीत, मिरचीची भाजी, कणकेचे जाड गाकर. जणू एखाद्या दिवशी नेमकं काहीतरी लागेल आणि गाडी पुन्हा सुरू होईल. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

एका शनिवारी बाबांनी तिच्याकडे बघितलं असावं. सोल्यांची भाजी होती. त्यांनी घास घेतला, चावला, आणि एकाएकी डोळे मिटले. "हे प्रभू," बाबा म्हणाले, "भाजी आज झकास झाली. मीठ-मिरची बराबर हाय. सोले कवळे हायेत. करनारीचे हात जप. आमेन." आई चुलीपासून वळली. किती तरी दिवसांनी तिचा चेहरा उजळला होता. तिनं पदराला हात पुसले, बाबांच्या ताटात आणखी भाजी वाढली आणि मला म्हणाली, "जेव न, पाहून काय राह्यली?"

मी घास घेतला. भाजीत मीठच नव्हतं. कमी नाही, मुळी नव्हतंच. त्या गप्प-गप्प दिवसांत तिचं लक्ष तरी कुठे थाऱ्यावर होतं! मी बाबांकडे पाहिलं. ते खाली मान घालून जेवत होते, स्वतःवर खूश. वाटलं, मीठ गेलं उडत, आई हसली आहे ना. मी ती भाजी मुकाट्यानं संपवली. आमच्याकडे आई सगळ्यांची जेवणं झाल्यावर, चूल विझत आल्यावर बसायची, उरलेली शेवटची भाकर घेऊन. ती बसली. पहिला घास तोंडात गेला आणि तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं. मग बाबांकडे. उठली नाही, मीठही घेतलं नाही. तशीच जेवली.

नंतर मी अंगणात भांडी घासायला तिच्याजवळ बसले. म्हटलं, आई, त्यांनी तुझ्यासाठीच केलं गं. ती राखेनं तवा घासत राहिली.

"मले ठाव हाय," ती म्हणाली. "पंचेचाळीस वर्स झाले बाई. तुह्या बाबानं मले एकदा बी तोंडावर नाई म्हनलं, का भाजी चांगली झाली. आमच्याकडं तशी रीतच नोती. सांगत ते देवाले होते, पन आयकत मी होती." तिनं तव्यावर आणखी राख टाकली. "आता देवालेच खोटं सांगून राह्यले. मंग माह्यासाठी काय उरलं?"

भाकरी थापताना तिचे हात का थांबत ते मला त्या दिवशी कळलं. आणि दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन बाबा उभे होते हेही मला तेव्हाच दिसलं. ते तांब्या पायरीवर ठेवून आत गेले.

त्यानंतरच्या पंधरवड्यात आमच्या मंडळीचा उपकारस्तुतीचा रविवार आला. शेतीचं पहिलं पीक वेदीपुढे आणायचा तो दिवस. वेदीपुढे ज्वारीची कणसं, कापसाची बोंडं, संत्र्यांच्या टोपल्या, मुळे, कोहळं, कुणाची तरी एक कोंबडीही, पाय बांधलेली, भजनाला अधूनमधून साथ देणारी. देऊळ एखाद्या मंडईसारखं महकत होतं. मी बाबांच्या शेजारी बसले होते. मला राहवेना. मी त्यांच्या कानाशी लागून सांगत गेले, आता संत्रं, आता ओली माती मुळ्यांची, आता कोंबडी, बाबा. कोंबडीला ते हसले.

उपासनेनंतर अंगणात प्रीतिभोजन. रोडगे आणि वांग्याची भाजी, पंगतीत. प्रीतिभोजनाची प्रार्थना दरवर्षी बाबांनी करायची. सगळी मंडळी रोडगा मोडून, हात जोडून, बाबांचा घास संपायची वाट बघत थांबायची. इतक्या वर्षांत ती आमच्या देवळाची गंमत आणि अभिमान दोन्ही झाली होती. त्या दिवशीही सगळे थांबले. बाबांनी घास घेतला. चावला. मी डोळे मिटलेच नाहीत. आई पंगतीच्या टोकाला भाजीची बादली घेऊन उभी होती.

बाबा उठून उभे राहिले. "साहेब," ते पाळकसाहेबांना म्हणाले, "तुमी करा प्रार्थना. मले चव समजत नाई. मांगं मी एक खोटी प्रार्थना केली घरी. देवाची माफी मागतली. पन जिची मागाची होती तिची अजून नाई मागतली."

कुणाला काही कळलं नाही. पाळकसाहेबांनी क्षणभर वाट पाहिली आणि दोन वाक्यांत प्रार्थना केली. आमेन झाला, पंगत सुरू झाली. आईनं बादली उचलली आणि वाढत वाढत बाबांच्या पानापाशी आली. त्यांच्या पानात भाजी वाढून ती तशीच पुढे गेली, एवढंच मी पाहिलं.

हे लिहिता लिहिता सोले सोलून झाले. वाटीभर निघाले. बाबा आता शहात्तरीला आलेत. चव पुरती कधी आली नाही. एखाद्या दिवशी जवसाची चटणी लागते म्हणतात, दुसऱ्या दिवशी नाही. मी अजून शनिवारी जाते, दर शनिवारी नाही, पण जाते, आणि खिडकीचीच जागा धरते. इथे अमरावतीत एकटी जेवताना मीही आधी घास घेते. डोळे मिटून नीट चावते. घाईच्या दिवशी डबा कोंबताना मला चवच कळत नाही, तेव्हा मी आमेनही म्हणत नाही. देवाला खोटं सांगायची आमच्या घरात आता कुणाची हिंमत नाही.

प्रीतिभोजनाच्या पुढच्या रविवारची दुपार मात्र मला जशीच्या तशी दिसते. अंगणात ऊन उतरलं होतं, कडुनिंबाच्या सावलीत चूल पेटली होती. देवळातून आल्यावर बाबांनी कपडेही बदलले नव्हते. आईनं तव्यावरून भाकर उतरवली, फुगलेली, वाफाळती, तव्यावर दुसरी घातली आणि पहिली बाबांच्या ताटात टाकली. शेजारी सोल्यांची भाजी. बाबांनी ताटाला हात लावला नाही. ते ताट उचलून त्यांनी आईपुढे ठेवलं.

"बस."

"भाकरी राह्यल्या अजून."

"राहू दे. बस तू. अन् चाख."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. बाबा म्हणाले, "जिनिंगमंधी थंडीत सकायी बोटं बधिर होत. कापूस हाती घ्यावा त समजेच ना. मंग मी बाजूच्या ग्रेडरले बोलावो. तो हात लावे, तो सांगे, अन् त्याच्या भरवशावर मी शेरा देओ. त्यात काई खोटं नोतं." त्यांनी ताट आणखी तिच्याकडे सरकवलं. "माह्या जिभेचं आता खरं नाई. तुह्या जिभेवर माहा भरवसा हाय. तू चाख, तू सांग. मी देवाले सांगतो."

आई पाटावर बसली, अवघडून, कुणाच्या तरी घरी आल्यासारखी. चुलीपुढे सगळ्यांच्या आधी बसायची तिची ती पहिलीच वेळ होती. तिनं भाकरीचा तुकडा मोडला. आतून वाफ निघाली, बोटाला चटका बसला. तिनं फुंकर घातली, भाजीत बुडवून घास तोंडात ठेवला. बाबांनी हात जोडले. मीही जोडले. चुलीत काटकी तडतडली.

आई चावत होती. तिनं दुसरा घास घेतला. मग तिसरा.

"अवं, सांग न," बाबा म्हणाले. "आमी थांबून राह्यलो."

आईचे डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं, पण तोंड चालूच होतं. तिनं एक हात वर करून त्यांना गप्प केलं.

"थांबा न जरा. मले खाऊ द्या. इतक्या वर्सांत गरम भाकर मी आज पयल्यांदा खाऊन राह्यली."

बाबा थांबले. जोडलेले हात त्यांनी खाली घेतले नाहीत. तव्यावरची भाकर करपली, तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. आईनं ताटातली भाकर शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली, भाजीचं बोट चाटलं, पदरानं डोळे पुसले आणि बाबांकडे वळली.

"हं," ती म्हणाली. "चांगली झाली. सांगा आता देवाले."